पिढी मोजावी कशी?
(एका विद्यार्थिनीच्या प्रकल्प-प्रस्तावाच्या निमित्ताने)

गेल्या आषाढात आमच्या शाळेतील अकरावीची एक विद्यार्थिनी आपल्या प्रकल्पाचा प्रस्ताव घेऊन मजकडे आली. प्रस्ताव चार पानांचा होता आणि त्याचे शीर्षक होते 'स्त्रीवादातील पिढ्यांचे अंतर : आजी, आई आणि मी'. अक्षर सुरेख, समास सोडलेला, परिच्छेदांना उपशीर्षके. आठवडाभर तो मजपाशी ठेव, असे तिला सांगितले. त्या आठवड्यात त्याच्या समासात जे लिहीत गेलो तेच येथे थोडे विस्ताराने मांडीत आहे. कारण अलीकडे असे प्रस्ताव आपणां शिक्षकांपुढे वारंवार येऊ लागले आहेत, आणि 'विषय चांगला आहे, थोडा मर्यादित कर' एवढाच शेरा मारून आपण ते परत करतो. विषय मर्यादित करावा म्हणजे नेमके काय करावे, हे आपण क्वचितच सांगतो. मीही सांगत नसे.

प्रस्तावाचा आराखडा असा होता. स्त्रीवादाच्या तीन लाटा असतात. पहिलीत आजीची पिढी. तिने शिक्षण मागितले. दुसरीत आईची पिढी. तिने नोकरी आणि कायद्यातील समानता मागितली. तिसरीत मी, मला माझी स्वतंत्र ओळख हवी आहे. प्रत्येक पिढी आधीच्या पिढीपेक्षा एक पायरी वर चढलेली. हे सिद्ध करण्यासाठी तीस स्त्रियांना वीस प्रश्नांची एक प्रश्नावली द्यावयाची, उत्तरे 'होय' किंवा 'नाही' या स्वरूपात घ्यावयाची, आणि त्यांची टक्केवारी काढावयाची. पहिलाच प्रश्न असा : 'आपण स्वतःला स्त्रीवादी समजता काय?'

या आराखड्याची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. मोठ्यांच्या प्रबंधांतूनही हीच शिडी उभी केलेली मी पाहिली आहे. शिवाय तिसऱ्या पानावर, एका परिच्छेदाच्या पोटात, या मुलीने एक वाक्य लिहून ठेवले होते : जी गोष्ट मला अन्यायाची वाटते तीच आजीला अन्यायाची का वाटत नाही? खरा प्रस्ताव हा होता. बाकीची चार पाने त्या वाक्याभोवती बांधलेला मांडव होता, आणि मांडवाची सामग्री दुसरीकडून आणलेली होती.

ती कोठून आणली ते आधी पाहू. 'दुसरी लाट' हा शब्दप्रयोग 1968 साली अमेरिकेतील एका वृत्तपत्रीय लेखाने रूढ केला आणि त्यामुळेच मागे राहिलेली चळवळ आपोआप 'पहिली' ठरली. 'तिसरी' लाट 1992 साली तेथेच एका तरुण लेखिकेने जाहीर केली. 1848 मधील सेनेका फॉल्सची परिषद आणि 1920 मध्ये अमेरिकन स्त्रियांना मिळालेला मताधिकार यांच्यामध्ये बहात्तर वर्षांचा झगडा आहे. त्या झगड्याला लाट म्हणणे शोभते. आपल्याकडे मुंबई इलाख्यातील स्त्रियांना मर्यादित मताधिकार मिळाला तो 1921 साली, म्हणजे जवळजवळ त्याच वेळी. परंतु त्यामागचा इतिहास निराळा, त्यातील माणसे निराळी, आणि त्या वेळी स्त्रियांपुढील सर्वांत मोठा प्रश्नही मताचा नव्हता. तेव्हा ही मोजपट्टी मराठी पुस्तकांना लावावयाची तर ती प्रथम एका वर्षावर ठेवून पाहावी. मी 1882 हे वर्ष निवडले.

त्या वर्षी मराठीत दोन स्त्रियांची दोन पुस्तके निघाली. ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' आणि पंडिता रमाबाईंचे 'स्त्रीधर्मनीति'. एकीचा जन्म 1850 चा, दुसरीचा 1858 चा. पिढी एकच. पण पुस्तके शेजारी ठेवून वाचली तर ती एकाच शतकातील आहेत की नाहीत असा संशय यावा. ताराबाईंच्या पुस्तकाला निमित्त झाले ते 1881 मधील सुरतेच्या खटल्याचे. एका तरुण ब्राह्मण विधवेने नवजात अर्भकाची हत्या केल्याचे सिद्ध होऊन तिला फाशीची शिक्षा सुनावली गेली आणि पुढे अपिलात ती कमी झाली. वृत्तपत्रांनी यावरून सगळ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले. बुलढाण्याच्या या बाईंनी त्याला दिलेले उत्तर थेट पुरुषांना उद्देशून आहे. त्यात आर्जव नाही. जे दुर्गुण तुम्ही आमच्या माथी मारता ते तुमच्यात किती आहेत ते मोजू या, असा तो एकूण पवित्रा आहे. आणि मोजता मोजता त्या शास्त्रकारांपर्यंत, पुराणांतील देवांपर्यंत जाऊन पोहोचतात. भाषा घरातली, रांगडी, म्हणींनी भरलेली, श्वास न घेता बोलणारी. 

'स्त्रीधर्मनीति' मात्र स्त्रियांना उद्देशून आहे. विद्या मिळवा, स्वावलंबी व्हा, आचरण शुद्ध ठेवा, गृहकृत्यांत दक्ष राहा, असा तो संस्कृतप्रचुर उपदेश. ज्या विदुषीपुढे कलकत्त्याच्या पंडितांनी मान तुकवली होती तिने हे लिहावे, याचे आजच्या विद्यार्थिनीला नवल वाटते. त्यातील काही भाग वाचून या मुलीने तर 'ही पहिल्या लाटेच्याही आधीची' असे टिपण केले होते. मी तिला एवढेच सांगितले की, आणखी पाच वर्षे थांब. 1887 साली फिलाडेल्फियात याच रमाबाईंचे 'द हाय कास्ट हिंदू वुमन' प्रसिद्ध झाले. त्यात उपदेश संपला आहे. त्याच्या जागी फिर्याद आली आहे. बालविवाह, वैधव्य, शास्त्रांनी स्त्रीला दिलेले स्थान, या सर्वांचा तो परक्या वाचकापुढे मांडलेला ताळेबंद आहे. बाई तीच. वय चोवीसचे एकोणतीस झाले. यास पिढीचा फरक म्हणावे काय?

म्हणूनच माझा पहिला आक्षेप असा की, या विषयात पिढी जन्मसालावरून मोजता येत नाही. 1882 ची रमाबाई आणि 1887 ची रमाबाई यांत बदलले आहे ते मुख्यतः समोरचे माणूस. पुण्यातील घराघरांतल्या बायकांशी बोलताना तिला एक सांगणे शक्य होते, अमेरिकेतील वाचकांशी बोलताना दुसरे. ताराबाई पुरुषांशी बोलल्या. लेखिका कोणाशी बोलते आहे आणि त्याच्याशी बोलण्याची मुभा तिला कोणी दिली आहे, हे प्रथम पाहिले की पुढच्या पुष्कळ गोष्टी उलगडतात.

शिडीची दुसरी अडचण 1910 साली येते. त्या वर्षी रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' प्रसिद्ध झाले. शिडीच्या हिशेबाने ते ताराबाईंच्या पुस्तकाहून अठ्ठावीस वर्षे पुढे असावयास हवे. प्रत्यक्षात पतिभक्तीने ओथंबलेले असे ते पुस्तक आहे. अकराव्या वर्षी लग्न, पतीनेच गिरवून घेतलेली अक्षरे, त्यावरून घरातील वडील बायकांनी केलेला छळ, पंडिता रमाबाईंच्या सभांना जाण्यावरून झालेली बोलणी, हे सारे त्यात आहे. पण सांगणारीचा आवाज कोठेही चढत नाही. माझी विद्यार्थिनी या पुस्तकावर रागावली. 'सर, ही बाई स्वतःबद्दल लिहितच नाही, सारखी त्यांच्याबद्दल लिहिते,' असे ती म्हणाली. तिचे निरीक्षण अचूक होते. मात्र हीच बाई 1909 साली पुण्यात सेवासदन उभे करीत होती, आणि पुढे 1920 च्या सुमारास मुलींना सक्तीचे शिक्षण मिळावे म्हणून पुण्याच्या रस्त्यावर स्त्रियांना घेऊन उतरली. पुस्तकातील स्वर आणि आयुष्यातील पाऊल यांत हे जे अंतर आहे ते टीकाकाराने मिटवू नये. घरातल्या वडील बायकांनाही वाचता येईल आणि तरीही सगळे सांगून होईल, अशी एक भाषा त्यांनी शोधली होती, असे मला वाटते. छळाची हकीकत त्या पुस्तकात इतकी तपशीलवार आहे की, लेखिकेला काहीच म्हणावयाचे नव्हते असे कोणी म्हणू शकणार नाही.

आता ताराबाईंच्या पुस्तकाचे पुढे काय झाले ते पाहू, कारण माझ्या मते या प्रस्तावाचा गाभा तेथे असावयास हवा होता. जोतीराव फुल्यांनी 1885 च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. त्यानंतर पुस्तक जवळजवळ नाहीसे झाले. स. गं. मालशे यांनी ते 1975 साली पुन्हा प्रकाशात आणले; ते आंतरराष्ट्रीय स्त्रीवर्ष होते आणि पुण्यामुंबईत स्त्रीमुक्तीच्या नव्या संघटना उभ्या राहत होत्या. म्हणजे 1882 चे पुस्तक खऱ्या अर्थाने वाचले ते 1975 नंतरच्या मुलींनी. त्यांच्या आयांना ते ठाऊक नव्हते, आज्यांना नव्हते. मग ताराबाई कोणत्या पिढीच्या? ज्या स्त्रीने लिहिले तिची पिढी, ज्या वर्षी छापले ती पिढी, आणि जिच्या हाती ते पडले तिची पिढी, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत; आणि मराठी स्त्रियांच्या लेखनात त्यांच्यामध्ये कधी कधी नव्वद वर्षांची दरी असते. एका पिढीने केलेला युक्तिवाद पुढच्या पिढीपर्यंत पोहोचलाच नाही, म्हणून तिला तो मुळापासून पुन्हा करावा लागला. ज्याला आपण प्रगतीची पायरी म्हणतो तिच्यातील काही भाग असा विस्मरणाचा आहे. प्रस्तावात हे आले तर तो प्रस्ताव मी कोणत्याही परीक्षकापुढे निःशंकपणे ठेवीन.

येथे आपल्या बडोद्याची गोष्ट काढणे भाग आहे. प्रस्तावात सारा इतिहास पुण्यामुंबईचा होता आणि लिहिणारी मुलगी मांडवीपासून दहा मिनिटांवर राहते! सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये सगळ्या राज्यात मुलामुलींना तो कायदा लागू केला. मुले न पाठविणाऱ्या पालकांना दंड होत असे. बालविवाह-प्रतिबंधाचा कायदा येथे 1904 चा. हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा कायदा येथे 1931 चा. उर्वरित देशाच्या बऱ्याच भागाला त्यासाठी 1955 च्या हिंदू विवाह कायद्यापर्यंत वाट पाहावी लागली. 1927 साली पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या अध्यक्षा आपल्या महाराणी चिमणाबाई होत्या, आणि 1911 सालीच त्यांचे हिंदी स्त्रीजीवनावरील इंग्रजी पुस्तक सहलेखकासह प्रसिद्ध झाले होते. एकाच वर्षी जन्मलेल्या बडोद्याच्या व साताऱ्याच्या दोन मुली कायद्याच्या दृष्टीने दोन निरनिराळ्या पिढ्यांत वाढत होत्या.

मी मुलीला विचारले, 'तुझी पणजी कोठे शिकली?' तिला माहीत नव्हते. प्रस्तावात पणजी नव्हतीच. तीन लाटा म्हटल्यावर चौथ्या बाईला जागा उरत नाही. दोन दिवसांनी ती आजीकडून हकीकत घेऊन आली. पणजीचे वडील तिला शाळेत घालावयास तयार नव्हते. दंडाची सूचना आली, तेव्हा चार ठिकाणी कुरकुर करून त्यांनी पोरीला शाळेत पोहोचविले. पणजी इतकेच शिकली की तिला पोथी आणि वाण्याचा हिशेब वाचता येई. पण पुढे तिने आपल्या मुलीला मॅट्रिकपर्यंत जाऊ दिले, आणि घरच्यांनी हरकत घेतली तेव्हा, आजीच्या सांगण्याप्रमाणे, तिने फक्त 'दंड होईल' एवढेच उत्तर दिले. त्या वेळी तो दंड कोणी आकारीत नव्हते. ही गोष्ट कोणत्या लाटेत बसवावयाची हे मला सांगता येणार नाही. मुलीलाही सांगता आले नाही, आणि तिने प्रथमच त्या उपशीर्षकावर स्वतः काट मारली.

एका पिढीच्या आतही सर्व स्त्रिया एका जागी उभ्या नसतात, ही गोष्ट प्रस्तावात एका वाक्याने उरकली होती. कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञाने 1928 च्या आपल्या निबंधात म्हटले आहे की, एका काळात जन्मणे पुरेसे नाही. त्या काळाच्या घटनांत एकत्र सापडणे, आणि सापडूनही त्यांना एकाच रीतीने उत्तर देणे, यावर पिढी ठरते. आपल्याकडील उदाहरण घेऊ. 1933 साली 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले आणि सुशिक्षित, मिळवत्या, अविवाहित मुलींच्या मनातील गोष्ट मराठीत प्रथमच इतकी उघडपणे आली. केवढा गदारोळ झाला! लेखिका कोण, याचा शोध घेण्यात लोकांनी पुस्तक वाचण्याहून अधिक शक्ती खर्च केली. मालतीबाई बेडेकरांना टोपणनावाचा आसरा का घ्यावा लागला, हे त्यावरूनच कळते. त्यानंतर नऊ वर्षांनी, जुलै 1942 मध्ये, नागपूरला डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत दलित स्त्रियांची परिषद भरली. तेथे आलेल्या स्त्रियांत 'कळ्यां'तील नायिकांच्या वयाच्या पुष्कळ असतील. त्यांच्यापुढील प्रश्न मात्र पाण्याचा, शाळेचा, माणूस म्हणून उभे राहण्याचा होता, आणि त्यांचे म्हणणे ग्रंथरूप होण्यास आणखी चार दशके लागली. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' 1986 चे. फलटणला छोटेसे दुकान चालविणाऱ्या या बाईंनी आपले लिखाण कितीतरी वर्षे नवऱ्यापासून लपवून ठेवले होते, हे त्यांनी स्वतः मुलाखतीत सांगितले आहे. रमाबाई रानडे घरच्या बायकांच्या नजरा चुकवीत शिकल्या, बेबीताई नवऱ्याची नजर चुकवून लिहीत होत्या. मध्ये शंभर वर्षे गेली. येथे पिढीचे अंतर आहे असे म्हणावे, की जातीचे, की काहीच अंतर नाही असे म्हणावे? माझ्या विद्यार्थिनीने यावर पानभर लिहिले आणि निष्कर्ष काढला नाही. मी तिला तो काढावयास लावला नाही.

प्रश्नावलीविषयी थोडक्यात. 'आपण स्वतःला स्त्रीवादी समजता काय?' या प्रश्नाला आजीने 'नाही बाई' असे उत्तर दिले आणि विषय संपला. साहजिकच आहे. तिच्या तरुणपणी 'सुधारणा' हा शब्द जुना झाला होता, 'स्त्रीमुक्ती' कानावर येऊ लागला होता, आणि 'स्त्रीवाद' हा शब्द घरात कोणी उच्चारीत नव्हते. शब्दच नसेल तर 'होय' कोठून येणार? मी प्रश्न बदलावयास सांगितला : स्वतःच्या हातात राहिलेले पहिले पैसे किती होते आणि त्यांचे काय केले? त्यावर आजी दीड तास बोलली. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना गाठून, त्यांच्याशी बोलून 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ 1989 साली सिद्ध केला. प्रश्न कसे विचारावेत हे शिकावयाचे तर विद्यार्थ्यांच्या हाती तो द्यावा.

याच संदर्भात एक कबुली देणे मला प्राप्त आहे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एका मुलीने जात्यावरच्या ओव्यांवर प्रकल्प करण्याची परवानगी मागितली होती. 'छापील आधार नाही' असे म्हणून मी तो विषय नाकारला. मी तेव्हा किती अज्ञानात होतो! हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी लाखाहून अधिक ओव्या खेडोपाडी फिरून गोळा केल्या होत्या. मला त्याचा पत्ता नव्हता. ओवीला तर जन्मसाल नसतेच. आईची ओवी लेकीच्या तोंडी जाते तेव्हा त्यातील गाऱ्हाणे कोणत्या पिढीचे म्हणावयाचे? त्या मुलीने मग 'पर्यावरण' या विषयावर कसाबसा प्रकल्प केला. तिची आजी तेव्हा हयात होती.

या नव्या मुलीशी माझा एका मुद्द्यावर वाद झाला आणि तो मी हरलो. मोबाइलवरील मोहिमांसंबंधीचे तिचे प्रकरण मी उथळ म्हणून काढून टाकावयास सांगितले होते. तिने 2017 च्या ऑक्टोबरातील एक प्रसंग माझ्यापुढे ठेवला. लैंगिक छळाचा आरोप असलेल्या प्राध्यापकांची एक यादी समाजमाध्यमावर प्रसिद्ध झाली; लगोलग देशातील काही ज्येष्ठ स्त्रीवादी विदुषींनी, चौकशीच्या रीतसर मार्गाने जावे आणि यादी मागे घ्यावी, असे जाहीर पत्रक काढले. ज्यांनी ते रीतसर मार्ग वर्षानुवर्षे झगडून मिळविले होते त्यांना ते सोडवेनात. ज्यांनी त्या मार्गांनी जाऊन हात पोळून घेतले होते त्यांना त्यांवर विश्वास उरला नव्हता. यादी करणारी विद्यार्थिनी दलित होती, तेव्हा हा भेद वयाचा की जातीचा, असाही प्रश्न त्या वेळी विचारला गेला. 'सर, मी जे शोधते आहे ते येथे उघड्यावर घडले,' मुलगी म्हणाली. तिचे बरोबर होते. दोन्ही बाजू एकाच अन्यायाविरुद्ध होत्या. दाद कोणापुढे मागावयाची यावर त्यांचे एकमत नव्हते. ताराबाई आणि रमाबाई यांच्या बाबतीत मी समासात जे लिहिले होते तेच तिने मला परत ऐकविले.

सुधारलेल्या प्रस्तावाचे शीर्षक आता 'कोणाशी बोलावे? बडोद्यातील एका घरातील चार स्त्रिया आणि पाच मराठी पुस्तके' असे आहे. लाटा गेल्या. टक्केवारी गेली. पणजीची हकीकत आजीच्या तोंडून, आजीची व आईची त्यांच्या स्वतःच्या तोंडून, आणि प्रत्येकीच्या शेजारी तिने वाचलेले किंवा तिच्यापर्यंत न पोहोचलेले एकेक पुस्तक, अशी मांडणी आहे. परीक्षक समितीच्या नियमाप्रमाणे निम्मे आधार छापील असावे लागतात, त्यामुळे आजीच्या दीड तासाचे काय करावे हा पेच अजून सुटलेला नाही. आईचे प्रकरणही अपुरे आहे. आईने 1989 साली सुरू झालेले 'मिळून साऱ्याजणी' पुढे वर्षानुवर्षे घेतले, पण त्याविषयी ती मुलीशी बोलावयास तयार नाही; 'तुला काय समजणार' एवढेच म्हणते. हे उत्तरही मी नोंदवून ठेवावयास सांगितले आहे.

आजीच्या बोलण्यात 1930 साली निघालेल्या किर्लोस्करांच्या 'स्त्री' मासिकाचा उल्लेख पुनःपुन्हा येतो. शेजारच्या वाड्यातून ते दुपारी येई आणि संध्याकाळी परत जाई, इतके तिला आठवते. आपल्या सभासदांपैकी कोणाच्या माळ्यावर 1960 ते 1975 या काळातील त्याचे अंक असतील, तर ते महिनाभरासाठी ग्रंथपालांकडे पोहोचते करावेत. कव्हर घालून, जसेच्या तसे परत करण्याची जबाबदारी माझी.